दुपारी तोफखाना बंद

११ मे, रविवार

आजपासून रोजनिशी. सेनापतीनं रोजनिशी ठेवायलाच पाहिजे, पुढं इतिहास लिहिणाऱ्यांची सोय होते. घरात कुणी वाचायची भीती नाही. शिल्पाला माझं अक्षर लागत नाही आणि पोरीला, शिवानीला, मराठी वाचायचा कंटाळा.

परिस्थिती अशी. दुपारी जेवताना शिल्पानं जाहीर केलं, की तिच्या बहिणीची पुनम शिरूर अनंतपाळहून नीटच्या क्लासला लातूरला येणार आणि माडीवरच्या खोलीत राहणार. म्हणजे माझ्या खोलीत. म्हणजे जिथं टेबल आहे तिथं. आठ बाय चारचं प्लायवूड, त्यावर उदगीरची लढाई मांडलेली. किल्ला, ओढा, काथ्याला हिरवा रंग देऊन केलेल्या बाभळी. एका अंगाला मराठे, दुसऱ्या अंगाला निजाम. बोटाच्या पेराएवढे धातूचे सैनिक, मूळचे फ्रेंच. मी कानशीनं त्यांचे टोप घासले आणि वर पागोटी रंगवली. दुकान रंगाचंच आहे, शेडची मशीन घरची.

मी शांतपणे सांगितलं, की खोली माझी नाहीच, लातूर वॉरगेमिंग सोसायटीची आहे. शिल्पानं विचारलं, सोसायटीत माणसं किती. म्हणालो, नोंदणी चालू आहे. ती म्हणाली, अहो, दोन वर्षं झाली, तुम्ही टेबलाच्या ह्या बाजूला उभं राहता, मग पळत त्या बाजूला जाता. पंधरा जूनपर्यंत समोर एक माणूस खेळाय बसवून दाखवा. एक. मग टेबल राहू द्या, पुनमची सोय मी शिवानीच्या खोलीत करते. न्हाई तर सगळं भंगारात. आणि घरातलं माणूस चालणार न्हाई.

एक माणूस! हसूच आलं. एवढं मोठं लातूर.

संकल्प: महिनाअखेर दहा मेंबर.

१२ मे, सोमवार

सोमवार. युद्ध नाही (नियम). म्हणून आज नियमांविषयीच लिहितो.

हल्ली कुठल्याही वॉरगेमचं रूलबुक दोनशे पानांचं असतं. नेटवरून मी ढीगभर वाचली. पण ह्या खेळाचा नाद लागला तो उदगीरच्या नियमांमुळं. मी आठ वर्षांचा. त्या वर्षी आई गेली होती, म्हणून बाबांनी मला सुट्टीभर उदगीरला मोठ्या काकांकडं ठेवलं. तिथं काकांचा सिद्धलिंग, आमचा अण्णा, दहा वर्षांचा. पुढं धोंडप्पा आजोबांचं किराणा दुकान, मागं घर, मधली पडवी म्हणजे रणांगण. हरभरे मराठे, तुरी निजाम. पोळ्याचे मातीचे बैल म्हणजे हत्ती. फासे नव्हते. चिंचोके फोडून अर्धे करायचे आणि टाकायचे. पांढरी बाजू वर आली की गोळा लागला.

आणि नियम! दुपारी तोफखाना बंद. उन्हात बंदुकीची दारू तापते, हे आम्हाला त्या वयात कसं सुचलं असेल? समोरच्याची चाल चालू असताना आपले हात मांडीखाली, म्हणजे संयमाचं शिक्षण. घोडदळानं उंबरा ओलांडायचा नाही, रसद तुटते. अंतर मोजायला कमलम्मा काकूचं लाटणं. पायदळ एक लाटणं, घोडदळ दोन. लढाईच्या दिवशी पोळी वर्ज्य, भाकरच खायची, हा सैनिकी आहार. मोठ्यानं निजाम घ्यायचा, कारण निजामाकडं अनुभव जास्त. काकूनं आतून साकु म्हणून हाक दिली (कानडीत 'पुरे') की जागच्या जागी युद्धविराम. आणि शेवटी हरणाऱ्यानं पसारा आवरायचा, जिंकणाऱ्यानं त्याला पाणी आणून द्यायचं, मग दोघांनी एका ताटात जेवायचं.

एवढे शहाणे नियम जगात कुठं नाहीत. मी ते टाईप केले, प्रत्येकाखाली भाष्य लिहिलं, लॅमिनेट केलं. उदगीर नियम, आवृत्ती सातवी.

ते लाटणं हातात आलं आणि पडवीत पालथा पडलो की मला दुसरं काहीही आठवायचं नाही. त्या उन्हाळ्यात तेवढंच पाहिजे होतं.

जाता जाता नोंद: इतक्या वर्षांत माझ्यावर पसारा आवरायची वेळ एकदाही आलेली नाही. अजिंक्य.

१४ मे, बुधवार

दुकानात काउंटरमागं पोस्टर लावलं. 'योद्धे पाहिजेत. वयाची अट नाही.'

प्रतिसाद जोरदार. एकानं विचारलं, पगार किती. एकानं विचारलं, कोणत्या पक्षाचं. व्यंकट पेंटर, जो आमच्याकडूनच डबे नेतो, त्यानं पूर्ण वाचलं आणि म्हणाला, शेठ, पोस्टरला लावलेला लाल छान हाय, कोणता शेड?

संध्याकाळी पोस्टर पुट्टीच्या पोत्यांमागं सापडलं. शिल्पा म्हणाली, पडलं असंल.

१८ मे, रविवार

नवी आघाडी. लातूरला माणसांची कमी नाही, रिकाम्या माणसांची तर अजिबात नाही. क्लासच्या रस्त्याला जा. पोरं आत, बाप बाहेर. मराठवाड्यातून आलेले शेकडो बाप, झाडाखाली उभे, हातात पाण्याची बाटली, चार-चार तास. एवढी कुमक वाया चालली आहे आणि कुणाचं लक्ष नाही!

लॅमिनेटेड नियम घेऊन गेलो. बहुतेकांना वाटलं, मी दुसऱ्या क्लासचा एजंट. एकानं फी विचारली. एकानं रिझल्ट विचारला. मी म्हणालो, शंभर टक्के, एकदाही हरलेलो नाही. त्यानं नंबर घेतला.

शेवटी धर्माबादचे दयानंदराव भेटले. मिरचीचा व्यापार, मुलीसाठी खोली करून इथंच राहिलेत. पूर्ण ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, खोलीत कूलर आहे का. आहे म्हणालो. उद्यापासून येतो म्हणाले.

एक मेंबर! आठ दिवसांत!

२० मे, मंगळवार

काल सोमवार म्हणून त्यांना नुसतं रणांगण दाखवलं. आज पहिली मोहीम. दयानंदरावांना निजाम दिला (वयानं मोठे). नियम एक ते चार समजावून सांगितले. पाचव्याला त्यांचा डोळा लागला.

कबूल करायला हरकत नाही, की हा माणूस जन्मजात उदगीर पद्धतीचा आहे. दुपारी तोफखाना बंद हे त्याला शिकवावं लागलंच नाही.

२३ मे, शुक्रवार

आज शिल्पाला पुरावा दाखवायला वर बोलावलं. दयानंदराव समोर बसलेलेच होते. दुर्दैवानं तोंड उघडं होतं आणि मुठीत एक घोडेस्वार. मी म्हणालो, हा दुपारचा युद्धविराम आहे, नियमात आहे. शिल्पा म्हणाली, अहो, हे घोरायलेत.

जागे झाल्यावर दयानंदराव मोकळेपणानं बोलले. म्हणाले, रविकिरणजी, तुमचं कूलर लई चांगलं हाय, पण हे बाहुल्यांचं मला न्हाई जमायचं. पोरीला कळलं तर हसंल.

बाहुल्या.

मेंबरशिप रद्द केली. मीच केली.

२५ मे, रविवार

एक नाव आहे. सिद्धलिंग अण्णा. नांदेडला त्याचं मेडिकल आहे, काकू त्याच्याकडंच असते. पण त्याला फोन करणार नाही.

भांडण वगैरे काही झालेलं नाही. फक्त दोन वर्षं बोलणं नाही. तो दर महिन्याला एका रविवारी नांदेडहून गाडीनं यायचा, दिवसभर खेळायचा, संध्याकाळी परत. असं वर्षानुवर्षं. सैनिक ठेवायला मेडिकलमधली रिकामी खोकी आणि कापूस आणायचा. मग एकदा म्हणाला, किरण्या, आज मी मराठे घेतो. मी प्रेमानं समजावलं, की उदगीरला मराठेच जिंकले होते, हा इतिहास आहे, आणि मराठे सांभाळायचा सराव मला आहे. शिवाय निजाम त्याच्या स्वभावाला जातो. तो म्हणाला, लहानपणापासून मीच निजाम हाय की. मी म्हणालो, कुणाच्या सोयीसाठी इतिहास बदलता येत नाही.

त्यानं चहा संपवला, नेहमीसारखा सगळा पसारा आवरला आणि गेला. गाडीची वेळ झाली असावी.

२८ मे, बुधवार

अधिकृत लाटणं गायब. लेथवाल्याकडून मुद्दाम काकूच्या मापाचं करून घेतलं होतं. स्वयंपाकघरात सापडलं. शिल्पाचं लाटणं फुटलं म्हणून ती आता हेच वापरते. तह झाला. स्वयंपाकाला तिच्याकडं, लढाईला माझ्याकडं. वर राहिलं तर ती ओरडते.

शिवानीला घेऊन एक सराव केला. (मोजणीत धरत नाहीत, तरी.) तिनं विचारलं, बाबा, निजामाच्या तोफा चारच का आणि आपल्या अकरा का? मी म्हणालो, इतिहास. ती म्हणाली, की आपण जिंकणार आहे म्हणून? पोरीला क्लास लावायची गरज आहे.

१ जून, रविवार

मुरुडच्या एकाचा फोन. म्हणाला, त्या दिवशी दुकानात तुमचं पोस्टर पाहिलं, माझ्याकडं दोनशेची फौज हाय, न रंगवलेली. दोनशे! मोटारसायकल काढली आणि उन्हातान्हात मुरुड गाठलं. फौज म्हणजे गणपती. दोनशे, पीओपीचे. त्याला माझ्याकडून होलसेलमध्ये रंग पाहिजे होता.

ऑर्डर घेतली. शिल्पा महिन्याभरात पहिल्यांदा खूश.

मी नाही. रात्रीचं जेवण गेलं नाही. काय मागतोय मी? समोर एक माणूस. चिंचोके टाकताना समोरून कुणीतरी अरेरे म्हणायला पाहिजे. स्वतःच अरेरे म्हणून मी कंटाळलोय.

५ जून, गुरुवार

बातमी! रविवारी लातुरात लग्न आहे, काकूच्या माहेरच्या शिवकुमारच्या पोरीचं, आणि अण्णा काकूला घेऊन येतोय. शिल्पाला फोन आला. लग्नानंतर घरी येणार, चहाला. मला विचारून नाही, शिल्पाला विचारून. ठीक आहे. गर्विष्ठ माणसाला थेट बोलायला जड जातं.

योजना. १) सहज बोलावून वर न्यायचं. २) टेबल दिसलं की त्याला राहवणार नाही. ३) शिल्पा चहा घेऊन वर आली की समोर माणूस. ४) विजय.

किल्ल्याचा बुरूज पुन्हा रंगवला. अण्णाच्या खुर्चीला उशी ठेवली, त्याची कंबर धरते. निजामाला आणखी एक तोफ दिली. आता पाच.

६ जून, शुक्रवार

पाचवी तोफ जास्त वाटते. काढली.

७ जून, शनिवार

परत ठेवली. दिवसभर दुकानात लक्ष नाही, एका बाईला आकाशी सांगून पोपटी दिला. अण्णा वर आलाच नाही तर? चहा पिऊन तसाच गेला तर? आठ दिवस राहिलेत आणि दुसरं माणूस माझ्याकडं नाही. खरं तर दुसरं कुणी नकोच होतं.

८ जून, रविवार

काय घडलं ते जसंच्या तसं लिहितो. सेनापतीनं भावनेच्या आहारी जाऊ नये.

तीन वाजता आले. काकू आता वाकली आहे, पण जिना चढली. अण्णा मागून. टेबल पाहून तो थांबला. मग खुर्चीत बसला. निजामाच्या. उशी बघून थोडा हसला. काकू शेजारी बसली. मला वाटलं, आता काही बोलायचंच नाही, नुसते चिंचोके टाकायचे. शिल्पाला चहा आणायला सांगितलं.

मीच घाण केली. काकूला खूश करावं म्हणून लॅमिनेटेड नियम काढले आणि मोठ्यानं वाचायला लागलो, भाष्यासकट. दुपारी तोफखाना बंद, कारण उन्हात दारू तापते.

काकू हसायला लागली. म्हणाली, कसली दारू रे बाबा, दुपारी मामंजी झोपायचे. तुम्ही तोंडानं धडाम् धुडूम करायचात, ते उठून मलाच बोलायचे. म्हणून म्हणलं, दुपारी तोफा न्हाईत.

मी म्हणालो, काकू, तू विसरलीस. ती म्हणाली, न्हाई रे किरणा. हात मांडीखाली घ्या म्हणायची, कारण तुम्ही एकमेकाला गुद्दे घालायचात. उंबऱ्याच्या पलीकडं दुकानात गिऱ्हाईक बसायचं, त्यांच्या पायाखाली हरभरे यायचे. सोमवारी जंगम स्वामी यायचे पूजेला, त्यांना बसाय पडवी नगं? आन् भाकर कशाची वर्ज्य न् फिर्ज्य? लाटणं तुमच्यापाशी, पोळ्या मी कशानं लाटू? म्हणून भाकरी थापायची.

शिल्पा चहा घेऊन दारात उभी. ती तोंड दाबून हसत होती. अण्णा नाही हसला.

मी शेवटच्या नियमावर आलो. म्हणालो, पण एका ताटात जेवायचं, हे तर आम्हीच ठरवलं होतं.

काकूनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, तू जेवायचासच न्हाईस रे त्या वर्षी. आई गेल्यापासनं घास घेईनास. पयल्या दिशी खेळात जिंकलास आन् चार घास खाल्लेस. मग मी सिद्धूला म्हणलं, तू मोठा हाईस, तू निजाम हो, हारत जा, पसारा तू आवर, आन् त्याला घेऊन एका ताटात बस. म्हंजी जेवतंय लेकरू.

काकूचं वय झालंय.

तेवढ्यात अण्णा म्हणाला, किरण्या, आज मी मराठे घिऊ का. अगदी हळू म्हणाला. तोफा मोजत नव्हता, माझ्याकडं बघत होता.

आणि मी म्हणालो, डावी बगल घे. उजवी आणि तोफखाना माझ्याकडं राहू दे.

त्यानं उशी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, राहू दे किरण्या. आई, चल, गाडी मिळायची न्हाई. गाडीला अजून तासभर होता.

ते गेल्यावर शिल्पा कपबशा गोळा करत म्हणाली, माणूस बसला होता ओ समोर. तुम्हीच उठवला.

९ जून, सोमवार

युद्ध नाही. (जंगम स्वामी आता येत नाहीत. तरी नाही.)

शांतपणे विचार केला. काकूचं म्हणणं खरं धरलं, तरी सिद्धांत अबाधित राहतो. नियम कशामुळं झाले हे महत्त्वाचं नाही. आजोबा झोपायचे तेव्हा ऊन असायचंच, म्हणजे दारू तापतच होती. आणि मी जिंकत होतो ते चिंचोक्यांच्या जोरावर. चिंचोका मुद्दाम कसा हरेल?

आठवून पाहिलं. अण्णा चिंचोके टाकायचा आणि मी बघायच्या आत उचलायचा. म्हणायचा, काळे पडले. दरवेळी म्हणायचा, काळे पडले.

कदाचित त्याचं नशीबच तसं असेल.

११ जून, बुधवार

अण्णाला फोन. उचलला नाही. मेसेज टाकला: 'उजवी बगल पण घे.' दोन निळ्या टिका. उत्तर नाही.

दुपारी दुसरा मेसेज: 'निजामाला सहा तोफा देतो.' मग लक्षात आलं, तो निजाम मागतच नाहीये. डिलीट केला. त्यानं पाहिला असणार.

संध्याकाळी क्लासच्या रस्त्याला गेलो. बापांना आता मी ओळखीचा झालोय, लांबूनच वाट बदलतात. दयानंदराव झाडाखाली घामाघूम उभे होते. त्यांना म्हणालो, या की खोलीत, झोपा पाहिजे तर, फक्त डोळे उघडे ठेवून झोपा. ते म्हणाले, रविकिरणजी, घरी जावा. प्रेमानं म्हणाले, तेच जास्त लागलं.

१३ जून, शुक्रवार

हिंमत करून पुन्हा फोन. उचलला. मागं कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मी एका दमात बोललो. अण्णा, मराठे तुझे. सगळे. अकराच्या अकरा तोफा. कायमचे. मी निजाम होतो. रविवारी ये, शेवटचा दिवस आहे, नाही तर टेबल जातंय.

तो गिऱ्हाईकाला म्हणाला, जेवणानंतर दोन चमचे. मग मला म्हणाला, किरण्या, मला मराठ्यांचं काय करायचंय रे आता. मी तुझ्यापाशी बसाय यायचो. तुला तेवढं कळलं न्हाई. रविवारी मेडिकलला पोरगा न्हाई, आईचा गुडघा हाय. बघू.

बघू म्हणजे होकारच. स्पष्ट नाही म्हणाला असता तर नाही. मराठवाड्यात बघू म्हणजे निम्मा होकार धरतात.

१५ जून, रविवार

सकाळी नऊ. सगळं सज्ज. मराठे अण्णासाठी ठेवले, निजाम मी घेतला, पाचवी तोफ काढून, पूर्वीच्याच चार तोफांनिशी. पहिल्यांदाच निजामाचा म्हणून त्या अंगाला उभा राहिलो. इथून ओढा वेगळा दिसतो. आपल्याकडं पाणी नाही, आडोसा नाही, चार तोफा उतारावर. इथून जिंकणं शक्यच नाही. इतकी वर्षं तो इथून खेळला.

बारा. नांदेडच्या गाड्या दोन येऊन गेल्या असतील. पुनम आली, दोन बॅगा आणि पुस्तकांचं पोतं घेऊन. नमस्कार केला, टेबलाकडं बघून म्हणाली, भारी हाय की काका. मग पोतं कुठं ठेवू विचारलं.

दोन. अण्णा आला नाही.

दुपारी तोफखाना बंद असतो, पण आज मी एकटा होतो आणि कुणी झोपलेलं नव्हतं. खेळलो. निजामाकडून खरं खेळलो, अण्णा बसायचा तिथं बसून, त्याला जे करावंसं वाटलं असतं ते केलं. चिंचोके टाकले की उचलले नाहीत, पडले तसे मोजले. पांढरे पडले. पांढरेच पडत गेले. साकु म्हणायला कुणी नव्हतं, त्यामुळं लढाई बराच वेळ चालली.

निजाम जिंकला. चार तोफांनी.

अण्णा आला नाही, म्हणजे मराठे माझेच. ते हरले, म्हणजे मी हरलो. हरणाऱ्यानं आवरायचं. मला आवरता येत नाही, हे तेव्हा कळलं. कोणतं खोकं कुणाचं, घोडे आडवे ठेवायचे की उभे, कापूस किती, काही माहीत नाही. अण्णाच करायचा. खोकल्याच्या औषधाच्या एका खोक्यावर त्याच्या अक्षरात 'किरण्याचे मराठे' लिहिलेलं सापडलं, तिथून सुरू केलं. एकेकाला कापसात गुंडाळलं. दोन भाले मोडले. पुनमनं न विचारता बाभळी पिशवीत भरल्या.

जिंकणाऱ्यानं पाणी आणून द्यायचं. खाली जाऊन तांब्या आणला. मीच प्यायलो.

मग अण्णाला मेसेज टाकला: 'निजाम जिंकला. मी आवरलं.'

लगेच निळ्या टिका. बराच वेळ टायपिंग, टायपिंग. मला वाटलं, आता काहीतरी मोठं येणार. आलं ते एवढंच: 'जेवलास का?'

खाली गेलो. शिल्पानं ताट वाढलं. भाकर होती. लाटणं वर टेबलावरच राहिलं होतं.